मधुमेह निघाला, पण नेमका कुठला? प्रकार, कारणं, लक्षणं

शांभवी

रिपोर्टमध्ये साखर जास्त आली की घरात पहिला प्रश्न येतो, 'किती आली?' लगेच दुसरा, 'गोळी चालू करावी लागणार का?' कुठल्या प्रकारचा मधुमेह आहे, हे मात्र फार थोडेजण विचारतात. मी मधुमेह समुपदेशक आहे. औषध लिहून देणं माझ्याकडे नाही. निदान झालेल्या माणसाला आणि घरच्यांना आजार समजावणं, इन्सुलिन टोचायला शिकवणं, ग्लुकोमीटरचे आकडे वाचायला शिकवणं हे माझं रोजचं काम. प्रकाराचा हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, असं माझं ठाम मत आहे. औषध त्यावर ठरतं, पुढे काय सांभाळायचं ते त्यावर ठरतं, आणि घरातल्या कुणाकुणाची तपासणी करायची तेही त्यावरच ठरतं. म्हणून हा धागा.

शरीरात नेमकं होतं काय ते आधी. खाल्लेल्या पिष्टमय पदार्थांचं ग्लुकोज होऊन ते रक्तात येतं. स्नायू आणि चरबीच्या पेशींनी ते आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि ते स्वादुपिंडातल्या बीटा पेशी बनवतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण यकृतही स्वतः ग्लुकोज बनवून रक्तात सोडत असतं, रात्री झोपेत तर सोडतंच, आणि त्याला आवर घालण्याचं कामही इन्सुलिनचंच. 'रात्रभर काही खाल्लं नाही, तरी सकाळची साखर जास्त कशी?' असं मला सतत विचारलं जातं. त्याचं उत्तर यकृतात आहे.

टाईप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच बीटा पेशींवर उलटते. हे काम महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं आतल्या आत चाललेलं असतं. बाहेरून मूल ठणठणीत दिसतं. बहुतांश पेशी गेल्या की मग काही आठवड्यांतच सगळं एकदम दिसायला लागतं. जनुकांचा यात वाटा आहे, पण टाईप वन झालेल्या बहुसंख्य मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. काही विषाणूसंसर्गांवर संशय आहे, त्यावर संशोधन चालू आहे. आईवडिलांनी काय खाऊ घातलं, लाड केले का, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. हे वाक्य मी रोज कुणा ना कुणा आईला सांगते आणि इथेही मुद्दाम लिहिते आहे. टाईप वन फक्त लहान मुलांना होतो हाही गैरसमज. तो कुठल्याही वयात होऊ शकतो. यात इन्सुलिन पहिल्या दिवसापासून लागतं आणि त्याला पर्याय नाही.

टाईप टू सगळ्यांत जास्त आढळतो. जगातल्या मधुमेहींपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांना हाच असतो. इथे सुरुवातीला इन्सुलिन भरपूर असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंड आणखी जोर लावतं, काही वर्षं निभावून नेतं, आणि बीटा पेशी थकत जातात. दोन्ही गोष्टी लागतात: इन्सुलिनला जुमानेनासं झालेलं शरीर आणि मागे पडत चाललेलं स्वादुपिंड. कारणांमध्ये आनुवंशिकता मोठी आहे, टाईप वनपेक्षाही जास्त. तिच्या जोडीला पोटातली, म्हणजे यकृत आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी, बैठं काम, वाढतं वय, अपुरी झोप, धूम्रपान. वरून सडपातळ दिसणाऱ्यांच्याही पोटात ही चरबी असू शकते. दक्षिण आशियाई लोकांमध्ये तर कमी वजनावरच मधुमेह सुरू होतो, म्हणून आशियाई लोकांसाठी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) धोक्याचा आकडा २५ ऐवजी २३ धरतात.

तिसरा प्रकार गरोदरपणातला. त्याखेरीज एकाच जनुकातल्या दोषामुळे होणारा, स्वादुपिंडाला इजा झाल्यामुळे होणारा, स्टिरॉइडसारख्या औषधांमुळे होणारा, असे बरेच आहेत. ते प्रतिसादांत येतीलच.

निदानाचे आकडे लिहून ठेवते. उपाशीपोटी, म्हणजे किमान ८ तास काही न खाता, १२६ मिग्रॅ/डेलि किंवा जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर २ तासांनी २०० किंवा जास्त. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या २ ते ३ महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, ६.५ टक्के किंवा जास्त. ठळक लक्षणं असतील तर कुठल्याही वेळी २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. निदान लॅबमधल्या रक्ततपासणीवरच होतं. घरचा ग्लुकोमीटर रोजच्या देखरेखीसाठी उत्तम आहे, निदानासाठी नाही.

प्रश्न विचारा. तुमच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध बदला किंवा बंद करा, असं मात्र मी इथे कुणालाही सांगणार नाही.

---

अनिकेत७

शांभवीताई, छान लिहिलंय. माझं वय ३८. वडिलांना टाईप टू. ऑफिसच्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर ११८ आली. मला त्रास म्हणाल तर काहीच नाही. तहान नाही, रात्री उठावं लागत नाही, वजन आहे तेवढंच. मित्र म्हणतात लक्षणं नाहीत तर सोडून दे. आणि गोड मी फारसं खातच नाही. तरी कशी वाढली?

---

शांभवी

अनिकेत, 'लक्षणं नाहीत तर सोडून दे' या सल्ल्याने खूप लोकांचं नुकसान झालंय, म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

तहान आणि लघवी कशामुळे वाढते ते पाहा. मूत्रपिंडं रक्तातलं ग्लुकोज गाळतात आणि जवळजवळ सगळं परत रक्तात ओढून घेतात. या परत ओढण्याला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की उरलेलं ग्लुकोज लघवीत उतरायला लागतं, धरण भरल्यावर सांडव्यावरून पाणी पडतं तसं. ग्लुकोज जाताना पाणी ओढून नेतं. म्हणून लघवी जास्त, म्हणून शरीर कोरडं, म्हणून तहान. अन्नातली ऊर्जा लघवीवाटे निघून जाते, म्हणून भूक लागते आणि खाऊनही वजन उतरतं. ओळखीची सगळी लक्षणं इथून, या मर्यादेच्या पलीकडून सुरू होतात.

आता आकडे शेजारी ठेवा. मधुमेहाचं निदान १२६ ला होतं आणि लघवी वाढते १८० च्या पुढे. मधल्या पट्ट्यात माणसाला मधुमेह असतो आणि जाणवत काहीही नाही. या पट्ट्यात लोक वर्षानुवर्षं राहतात. तेवढ्या काळात डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा यांचं काम बिघडायला सुरुवात झालेली असू शकते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ५८.९ कोटी प्रौढांना मधुमेह होता, आणि त्यातल्या दर १० पैकी ४ हून जास्त जणांना त्याची कल्पनाच नव्हती.

तुमचा ११८ मधुमेहाचा आकडा नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या निकषांत उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. जागतिक आरोग्य संघटना ही सीमा ११० पासून धरते. तुम्ही दोन्हींत बसता. डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी आणि एचबीएवनसी करून घ्या, कारण काहींची उपाशीपोटीची साखर थोडीच वाढलेली असते आणि खाल्ल्यानंतरची बरीच.

घाबरू नका, पण हा काळ वाया घालवू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहपूर्व अवस्थेतल्या लोकांनी वजन साधारण ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, असं ध्येय ठेवलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं. गोळीपेक्षा वजन उतरवणं आणि चालणं यांनी जास्त फायदा झाला.

गोडाबद्दल: साखर खाल्ली म्हणून थेट मधुमेह होतो असं नाही. गोड पेयं वगैरेंमधून जास्तीच्या कॅलरी जातात, वजन आणि यकृतातली चरबी वाढते, त्या वाटेने धोका वाढतो. गोड न खाणाऱ्यालाही आनुवंशिकता आणि पोटाचा घेर यांमुळे होऊ शकतो. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमली झाली आहे का ते आरशात बघा. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती बाहेरून दिसणारी खूण असते. लोक मळ समजून घासत बसतात.

---

चैत्रपालवी

माझ्या मुलाचं इथे लिहावंसं वाटलं. ९ वर्षांचा असताना त्याला टाईप वन निघाला. आधी काही दिवस शाळेची पाण्याची बाटली दुपारीच रिकामी व्हायची, मधल्या सुट्टीत नळावर भरून घ्यायचा आणि घरी आला की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून आधी पाणी प्यायचा. उन्हाळा आहे म्हणून आम्हाला काही वाटलं नाही. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं, ते तर ४ वर्षांचा असतानाच बंद झालं होतं. नवी चड्डी कमरेवरून घसरते म्हणून मी पट्टा घेऊन आले.

मग उलट्या सुरू झाल्या. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पोट बिघडलंय सांगून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी तो धापा टाकल्यासारखा श्वास घेत होता, हाक मारली तर डोळे उघडायचा आणि परत मिटायचा. दुसऱ्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या नर्सने बोटातून रक्त घेतलं. मशीनवर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दाखवत होतं. त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. आज तो उत्तम आहे, क्रिकेट खेळतो, स्वतःचं इन्सुलिन स्वतः घेतो. पण त्या एका दिवसाचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो. बोटातून एक थेंब रक्त घ्यायला कितीसा वेळ लागतो?

---

शांभवी

चैत्रपालवी ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या पहिल्या परिच्छेदात टाईप वनची जवळजवळ सगळी लक्षणं आली आहेत: तहान, वाढलेली लघवी, घटलेलं वजन, आणि बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होणं. यातलं शेवटचं कुणाही आईबापाने ऐकलं तर त्याच दिवशी साखर तपासून घ्यावी. 'अभ्यासाचा ताण असेल' म्हणत थांबू नये.

पुढे जे झालं त्याला डॉक्टर कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात. इन्सुलिन नाही म्हणून ग्लुकोज वापरता येत नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं. त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्तातलं आम्ल वाढतं. पोट दुखतं, उलट्या होतात. ते आम्ल बाहेर टाकण्याच्या धडपडीत श्वास खोल आणि भरभर चालतो. श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ शकतो. मग गुंगी. पोटदुखीमुळे हे अपेंडिक्सचं दुखणं वाटतं, श्वासामुळे न्यूमोनिया किंवा दमा वाटतो, उलट्यांमुळे पोट बिघडलंय वाटतं. तिन्हीकडे चुकायला वाव आहे, म्हणूनच त्या एका थेंबाची किंमत मोठी.

एक खूण लक्षात ठेवा. उलट्यांनी शरीर कोरडं पडलेल्या मुलाला लघवी कमी व्हायला हवी. मूल उलट्या करतंय, जीभ कोरडी आहे, आणि तरीही लघवीला सारखं जातंय, तर हे गणित जुळत नाही. लगेच ग्लुकोज तपासायला सांगा. डॉक्टरांना स्वतःहून विचारलंत तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा.

संशय टाईप वनचा असेल तेव्हा एचबीएवनसीच्या रिपोर्टची वाट पाहायची नसते. हा आकडा मागच्या २ ते ३ महिन्यांची सरासरी सांगतो. साखर दोन आठवड्यांपासूनच चढलेली असेल तर तो फसवा, बराचसा बरा येऊ शकतो. आणि अशा मुलाला 'उद्या उपाशीपोटी या' असं सांगणंही चूक. जे असेल ते त्याच क्षणी तपासायचं आणि त्याच दिवशी उपचार सुरू व्हायला हवेत.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी टाईप वन झालेली मुलं उपासमारीसारख्या आहारावर जेमतेम काही महिने, फार तर एखाददोन वर्षं काढायची. तुमचा मुलगा क्रिकेट खेळतोय, हे वाचून फार आनंद झाला.

---

जुनाजाणता

माहिती चांगली आहे, पण मला एक पटत नाही. सामान्य माणसाने प्रकारांच्या भानगडीत का पडावं? साखर वाढली की ती खाली आणायची. कमी खा, चाला, औषध घ्या. वर्गवारी डॉक्टर बघतील. उगाच लोकांच्या डोक्याला ताप.

---

निवांत

जुनाजाणता काका, मी याच भानगडीत अडकलो होतो म्हणून सांगतो. ४४ व्या वर्षी साखर निघाली. वजन ५८ किलो, घरात कुणाला नाही, रोज सायकल. वय बघून टाईप टू ठरलं आणि गोळ्या सुरू झाल्या. सहा महिने बरं चाललं, मग एक गोळी वाढली, मग दुसरी. मी खाणं कमी करत गेलो, वजन ५२ वर आलं. सगळे म्हणायचे पथ्य नीट पाळत नाहीस. मी तर जवळपास उपाशी राहत होतो. शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टने, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी, दोन तपासण्या सांगितल्या, गॅड अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटली आहे का ते दाखवणारी) आणि सी-पेप्टाइड. पहिली पॉझिटिव्ह, दुसरी अगदी कमी. म्हणजे प्रतिकारशक्तीचाच मामला, फक्त सावकाश चाललेला. इन्सुलिन सुरू झालं आणि दोन महिन्यांत अंगात जीव आला. 'कमी खा, चाला' हा सल्ला माझ्यासाठी तरी साफ चुकीचा होता.

---

शांभवी

निवांत, तुम्ही सांगितलंत त्याला लाडा म्हणतात, प्रौढ वयात सावकाश वाढत जाणारा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने होणारा मधुमेह. सी-पेप्टाइड म्हणजे स्वादुपिंडातून इन्सुलिनसोबत बाहेर पडणारा तुकडा. तो मोजला की स्वतःचं इन्सुलिन किती बनतंय ते कळतं. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो, म्हणून इंजेक्शन चालू असतानाही ही तपासणी उपयोगी पडते. प्रत्येक मधुमेहीला या तपासण्या लागत नाहीत. सडपातळ अंगकाठी, घरात थायरॉइडसारखे ऑटोइम्यून आजार, गोळ्यांनी झपाट्याने दाद देणं बंद होणं, वजन आपोआप उतरणं, यांपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांपाशी विषय काढावा.

जुनाजाणता, तुमच्या म्हणण्यातला काळजीचा भाग मला कळतो. आकडे आणि नावं ऐकून लोक गांगरतात हे मी रोज पाहते. पण वर्गवारी पूर्णपणे डॉक्टरांवर सोडली तर घरात काय घडतंय ते त्यांना सांगणार कोण? अंथरूण ओलं झालं, चड्डी सैल झाली, खाणं कमी करूनही साखर चढतेय, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. सगळ्यांचा मधुमेह एकसारखा नाही, हे हॅरॉल्ड हिम्सवर्थ या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३६ मध्येच दाखवून दिलं होतं. काहींचं शरीर इन्सुलिनला लगेच प्रतिसाद देतं, काहींचं देत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण सांगते. जन्मानंतर पहिल्या ६ महिन्यांत मधुमेह निघाला तर तो बहुधा टाईप वन नसतो, एका जनुकातला दोष असतो. त्यातल्या काही दोषांत बीटा पेशी शाबूत असतात, फक्त इन्सुलिन सोडण्याची कळ अडकलेली असते, आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या साध्या जुन्या गोळ्या ती सोडवतात. जनुकांची तपासणी झाल्यावर अशा बऱ्याच मुलांचं इन्सुलिन थांबवून गोळ्या देता आल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या तरुण वयातच सुरू होणारा मोडी नावाचा मधुमेहही असाच. त्यातल्या एका उपप्रकारात साखर जन्मापासूनच थोडी वर असते, ती वाढत नाही, गुंतागुंत सहसा होत नाही आणि गरोदरपण सोडलं तर औषधही लागत नाही. म्हणजे एकाला इन्सुलिनशिवाय चालणार नाही, दुसऱ्याचं इन्सुलिन सुटू शकतं, तिसऱ्याला काहीच नको. तिघांच्या रिपोर्टवर शब्द एकच, मधुमेह.

---

स्टेथो

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. थोडी भर.

स्वादुपिंडाचा दीर्घकाळचा दाह, त्यावरची शस्त्रक्रिया किंवा कर्करोग यांमुळे होणाऱ्या मधुमेहाला टाईप थ्रीसी म्हणतात. यात इन्सुलिनसोबत अन्न पचवणारे रसही कमी पडतात, त्यामुळे तेलकट, चिकट शौच होतं. पन्नाशी-साठीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि सोबत वजन खूप उतरलं, पाठीत-पोटात दुखतंय, तर स्वादुपिंड तपासायला हवं.

स्टिरॉइडच्या गोळ्या सकाळी घेणाऱ्यांची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, पहाटेपर्यंत उतरते. नुसती उपाशीपोटीची तपासली तर नॉर्मल येऊ शकते.

आणि ताजी गोष्ट: लहानपणापासूनच्या कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये टाईप फाईव्ह म्हणून मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गवारीत असा प्रकार घेतला होता आणि १९९९ मध्ये काढून टाकला होता. हे रुग्ण फार बारीक असतात, इन्सुलिन कमी बनतं, तरी कीटोअ‍ॅसिडोसिस सहसा होत नाही.

---

पारिजात

मला २६ वा आठवडा चालू आहे. गेल्या आठवड्यात ग्लुकोजची तपासणी झाली आणि गरोदरपणातला मधुमेह निघाला. घरात सगळ्यांचे चेहरे असे झालेत की जणू मीच काहीतरी केलंय. बाळाला मधुमेह होईल का? आणि बाळंतपणानंतर हा जातो का?

---

शांभवी

पारिजात, आधी मन हलकं करा. हे वारेच्या हार्मोनमुळे झालंय. बाळाला ग्लुकोजचा पुरवठा सतत होत राहावा म्हणून वार काही हार्मोन सोडते आणि त्यांमुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हे प्रत्येक गरोदर बाईत होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन बनवून भरून काढतं, काहींचं तेवढं पुरं पडत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यात हा परिणाम वाढतो, म्हणून तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करतात. लक्षणं शोधून हा सापडत नाही, कारण थकवा आणि सारखी लघवी गरोदरपणात तशीही असते.

बाळ मधुमेह घेऊन जन्माला येत नाही. पण आईची जास्तीची साखर वारेतून बाळापर्यंत जाते, बाळाचं स्वादुपिंड जोरात इन्सुलिन बनवतं आणि बाळ प्रमाणाबाहेर वाढतं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबते, इन्सुलिन मात्र चालूच, म्हणून बाळाची साखर काही तास खाली जाऊ शकते. तुमची साखर आटोक्यात ठेवली की यातलं बरंच टळतं. आहार आणि चालणं यांवर बऱ्याच जणींचं भागतं. नाही भागलं आणि डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलं तर घाबरून नाही म्हणू नका. इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही.

बाळंतपणानंतर साखर बहुतेकींची पूर्ववत होते. तरीही ६ ते १२ आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायचीच. बाळाच्या गडबडीत ही नेमकी राहून जाते. पुढे टाईप टू होण्याचा धोका तुम्हाला इतरांपेक्षा बराच जास्त राहील, म्हणून ती एकदा झाल्यावरही साखर दरवर्षी, निदान ३ वर्षांतून एकदा तपासत राहा. बाळाच्या लशींचं कार्ड असतं त्यावरच स्वतःच्या तपासणीची तारीख लिहून ठेवा, असं मी सगळ्यांना सांगते. आणि चेहरे पाडणाऱ्यांना हा प्रतिसाद वाचायला द्या.

---

वर्षा_र

बाबांना मधुमेह आहे हे त्यांच्या पायामुळे कळलं. बुटात बारीक खडा होता, दिवसभर तसेच हिंडले, संध्याकाळी मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. दुखलंच नाही म्हणाले. जखम महिनाभर भरेना म्हणून तपासलं तर साखर २६०. चष्म्याचा नंबरही सारखा बदलत होता. आता गोळ्या सुरू आहेत, साखर उतरतेय. पायांच्या मुंग्या जातील का? अजून काय तपासायचं?

---

शांभवी

वर्षा, बाबांचा मधुमेह बहुधा बराच जुना आहे, फक्त कळला आत्ता. टाईप टूमध्ये असं नेहमी होतं, म्हणून निदान झाल्याबरोबरच डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि पायांची संवेदना तपासायला सांगतात. टाईप वनमध्ये डोळ्यांची तपासणी थोडी पुढे करता येते, कारण तिथे सुरुवात कधी झाली ते साधारण माहीत असतं.

जखम भरली नाही यामागे दोन्ही आहे: नसा बधिर झाल्यामुळे दुखणं कळत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असला की भरून यायला वेळ लागतो. रोज रात्री पाय धुऊन कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांत बघा, तळवा दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून बघा. बूट घालण्याआधी हात घालून आतून चाचपा. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी अजिबात नको. भाजलेलं कळत नाही. मुंग्या साखर आटोक्यात आल्यावर काहींच्या कमी होतात, काहींच्या राहतात, त्रासासाठी वेगळी औषधं आहेत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या; त्याच्या कमतरतेनेही अशाच मुंग्या येतात.

चष्मा आत्ता बनवू नका. साखर वरखाली होते तेव्हा डोळ्याच्या भिंगातलं पाणीही कमीजास्त होतं आणि नंबर बदलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिली की मग नंबर काढा.

एक राहिलं. गोळ्या सुरू झाल्यावर उलटी बाजूही ओळखता यायला हवी. घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ: साखर ७० च्या खाली गेल्याची ही लक्षणं. १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, तातडीने रुग्णालयात न्या. बाबांच्या गोळीने साखर अशी खाली जाऊ शकते का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. सगळ्याच गोळ्यांनी जात नाही.

---

वर्षा_र

हे सगळं छापून फ्रिजवर लावते. पडद्याच्या तपासणीची वेळ उद्याच घेते.

---

अनिकेत७

ताई, तपासण्या केल्या. ग्लुकोजनंतर २ तासांनी १६२, एचबीएवनसी ६.१. मानेवर तो काळपटपणा आहे, बायको म्हणाली गेली चार-पाच वर्षं आहे. डॉक्टर म्हणाले मधुमेहपूर्व. वजन उतरवायला सांगितलंय, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. एक विचारायचं होतं: टाईप टू झाल्यावरही पूर्ण बरा होतो अशा जाहिराती दिसतात. खरं आहे का?

---

शांभवी

आकडे एकमेकांशी जुळतायत अनिकेत, १४० ते १९९ आणि ५.७ ते ६.४ या पट्ट्यांत. हिमोग्लोबिन किती आहे तेही रिपोर्टवर बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटाच वर येऊ शकतो, आणि लाल पेशी लवकर फुटणाऱ्या आजारांत खोटाच खाली. तुमच्याकडे बाकीचे आकडेही तेच सांगतायत, त्यामुळे इथे शंका कमी.

जाहिरातींचं: 'पूर्ण बरा' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा, विशेषतः इन्सुलिन सोडा म्हणणाऱ्यांपासून. टाईप वनच्या मुलाने ते ऐकलं तर जिवावर बेततं. टाईप टूमध्ये मात्र रेमिशन शक्य आहे. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले, निदान होऊन ६ वर्षांच्या आत असलेल्या लोकांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कॅलरीच्या आहाराने वजन उतरवलं, आणि वर्षाअखेर त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचा मधुमेह औषधाशिवाय निकषाखाली होता. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण सर्वाधिक होतं. औषध बंद करून किमान ३ महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिला तर त्याला रेमिशन म्हणतात. वजन परत वाढलं की तो परत येऊ शकतो, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. मधुमेह जितका जुना तितकी शक्यता कमी.

तुम्ही तर त्याच्याही अलीकडे उभे आहात. तुम्हाला सख्खी भावंडं असतील तर त्यांचीही साखर तपासून घ्या. वडील तेच आहेत, आणि त्यांनाही त्रास काहीच होत नसेल.

---

अनिकेत७

धाकटी बहीण आहे, ३४ ची. आजच फोन करतो.